गोळी कोणती ते नंतर, आधी महिन्यातून किती दिवस ते मोजू

पलूसच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ३८, पतसंस्थेत नोकरी. बारा वर्षांपासून डोकं दुखतं. पूर्वी महिन्यातून दोनदा दुखायचं, तेही अर्धंच, आणि उलटी झाली की उतरायचं. गेल्या वर्षभरात मात्र जवळजवळ रोजचंच झालंय. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली नाही तर दहा वाजेपर्यंत कपाळ जड होतं. एका गोळीनं भागेना म्हणून आता दोन लागतात. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. भावानं पुण्याहून आणलेल्या ‘जास्त पॉवरच्या’ गोळीनं तीन-चार आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्यांचा प्रश्न असा, की रोज घेतली तरी किडनीला धक्का लागणार नाही अशी गोळी कोणती?

ताई, नमस्कार. मी सांगलीत ३१ वर्षं मेडिकल दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळं निदान करणं माझं काम नाही, आणि माझ्या उत्तरावरून तुम्हीही ते ठरवू नका. पण कोण कुठली गोळी घेतं, किती घेतं, कशी घेतं, हे काउंटरच्या आतल्या बाजूनं फार स्पष्ट दिसतं. डॉक्टरांना पेशंट महिन्यातून एकदा भेटतो, मला आठवड्यातून तीनदा.

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, पण गोळीचं नाव कुठंच नाही. ‘पांढरी गोळी’ आणि ‘जास्त पॉवरची गोळी’ एवढंच. आणि तुम्ही सांगितलेला हिशेब मांडला तर महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस गोळी पोटात जाते. खरा प्रश्न मला इथं दिसतो. बारा वर्षांपूर्वीचं तुमचं डोकं आणि आजचं डोकं ही दोन वेगळी दुखणी असावीत, एकावर एक चढलेली. जुनं तुमच्या प्रकृतीचं आहे. नवं बहुतेक गोळीनं आणलेलं आहे. आणि तसं असेल, तर रोज घ्यायला कोणतीही गोळी सुचवणं म्हणजे ते दुखणं मीच चालू ठेवण्यासारखं आहे.

आधी जुन्याबद्दल बोलू. आपल्याकडे त्याला पित्ताचं डोकं म्हणतात. माझ्याच घरात ते आहे. बायकोला लग्नाआधीपासून हा त्रास होता. कपाळावर सुंठीचा लेप, डोक्याला करकचून बांधलेली ओढणी, खोलीत अंधार. उलटी झाली की झोप लागायची आणि उठल्यावर डोकं हलकं. उलटीनंतर उतरतं म्हणजे पित्तच बाहेर पडलं, असा सरळ हिशेब होता. मी स्वतः औषधांच्या धंद्यातला, पण मीही कित्येक वर्षं तिला पित्ताच्याच गोळ्या आणून देत होतो.

मग मिरजेला एका न्यूरॉलॉजिस्टांकडे गेलो. त्यांनी कसलाही स्कॅन न काढता पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. एका बाजूला ठणकतं का? जिना चढलं, वाकलं की वाढतं का? उजेड, आवाज, फोडणीचा वास नकोसा होतो का? काही न करता तसंच राहू दिलं तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं का? सगळ्याला हो. ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. जगात साधारण सातातल्या एकाला असते, बायकांमध्ये पुरुषांच्या अडीच-तीन पट. उलटी हा त्या दुखण्याचाच एक भाग आहे, कारण नव्हे. गडबड मेंदूत सुरू होते आणि तिच्यामुळं पोटाचं काम मंदावतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण अटॅकच्या वेळी गिळलेली गोळी पोटात नुसती पडून का राहते, ते त्यातच आहे.

त्या डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, त्यावरच डोकं दुखेल त्या दिवशी फुली मारायची आणि गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करायचा. चार महिन्यांनी कॅलेंडर खाली काढून बघितलं, तर पाळीच्या आदल्या दोन दिवसांत फुली होतीच, आणि जवळजवळ प्रत्येक संकष्टीला एक. मराठी कॅलेंडरवर संकष्टी छापलेलीच असते, त्यामुळं शोधावं लागलं नाही. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊचा, आणि तोवर पोटात काय, तर चार कप चहा आणि दुपारची वाटीभर खिचडी. उपास तिनं सोडला नाही, मीही सांगितलं नाही. सकाळी दूध-केळं, दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी, मधे ताक, पाणी भरपूर, एवढाच फरक केला. संकष्टीच्या फुल्या बऱ्याच कमी झाल्या. पाळीच्या तशाच राहिल्या, त्याला डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं.

तुमचं जुनं दुखणं अर्धशिशीच असेल, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पण वाटणं आणि असणं यात फरक आहे. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, न ठणकता दुखतं ते ताणाचं डोकं. एका डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी, माणूस एका जागी बसू शकत नाही आणि पाऊण-एक तासात सगळं शांत, असं असेल तर तो तिसराच प्रकार, क्लस्टर, आणि त्याचं औषधही वेगळं. सायनस म्हणून वर्षानुवर्षं वाफारे घेणाऱ्या पुष्कळ लोकांचं दुखणं शेवटी अर्धशिशी निघतं. बीपीचंही तसंच. थोडंफार वाढलेलं बीपी सहसा डोकं दुखवत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक आहे, असं समजून गोळी सोडणाऱ्या लोकांची मला जास्त काळजी वाटते.

आता नव्या दुखण्याकडे येतो. गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर एक दिवाणजी होते. दर सोमवारी दहाच्या दोन स्ट्रिप न्यायचे, वेदनाशामक आणि कॅफिन एकत्र असलेल्या गोळीच्या. मला वाटायचं, घरात पाच-सहा माणसं असतील. एकदा सहज विचारलं तर म्हणाले, “छे हो, मी एकटाच. सकाळी दोन घेतल्याशिवाय वहीतले आकडे दिसत नाहीत.” मी दोन वर्षं त्यांना त्या गोळ्या देत होतो. मागितली तर सहज मिळणारी गोळी, पैसे रोख, माणूस ओळखीचा, विचारायचं सुचलंच नाही. त्या सोमवारची खंत मला अजून आहे. तेव्हापासून डोकेदुखीची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, की या महिन्यात किती दिवस घेतली?

हा प्रश्न मनचा नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, २०१८ च्या आवृत्तीत, ‘औषधाच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी’ असा स्वतंत्र आजार दिलेला आहे. ज्याला आधीपासून डोकेदुखी आहे, त्याचं डोकं महिन्याला १५ किंवा जास्त दिवस दुखायला लागलंय, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ तो ठरावीक मर्यादेपलीकडे औषध घेतोय, तर संशय गोळीवर घ्यायचा. नुसतं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन असं एकेरी औषध असेल तर मर्यादा महिन्याला १५ दिवस. दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी, ट्रिप्टान किंवा अर्गोटामाइन ही अर्धशिशीची औषधं, किंवा ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या गटातलं वेदनाशामक असेल तर १० दिवसच. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. रोज अर्धी घेतली तर मात्र तीस दिवस, आणि इथंच बरीच माणसं फसतात. ‘मी अर्धीच घेतो’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल.

असं का होतं? मेंदूला दुखणं दाबायची स्वतःची एक व्यवस्था असते. बाहेरून रोज गोळी मिळायला लागली की ती व्यवस्था सुस्त होते आणि वेदना ओळखणाऱ्या नसा जास्त हळव्या होतात. गोळीचा असर ओसरला की डोकं दुखतं, म्हणून पुढची गोळी, ती ओसरली की पुन्हा. तुमचं दहा वाजता जड होणारं कपाळ मला या चक्रातलं वाटतं. गंमत अशी, की गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या माणसाला सहसा अशी डोकेदुखी लागत नाही. ज्याचा मूळ पिंडच अर्धशिशीचा आहे, त्याला लागते. म्हणून शेजारच्या काकू रोज घेतात आणि त्यांना काही होत नाही, ही तुलना तुमच्या उपयोगाची नाही. आणि यात तुमची चूकही नाही. दुखत होतं, ऑफिसला जायचं होतं, गोळी घेतली. हे व्यसन नव्हे.

आता गोळीच्या नावाकडे. घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका ताटात काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, औषध मागं लिहिलेलं असतं. तिथं पॅरासिटामॉल हा शब्द किती पाकिटांवर सापडतो ते बघा. तापाच्या गोळीत, सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, पाळीच्या दुखण्याच्या गोळीत, सगळीकडे तेच असू शकतं. निरोगी मोठ्या माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहाच गोळ्या. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू असेल तर त्याहून बरीच खाली. डोक्याला दोन, सर्दीला दोन आणि अंगदुखीला दोन असं वेगवेगळ्या नावांनी घेत गेलं, तर कुणाच्या लक्षातही न येता माणूस त्या मर्यादेशी पोचतो.

भावानं आणलेल्या गोळीचा मला जास्त घोर लागलाय. तिच्यावर अर्गोटामाइन लिहिलंय का, आधी ते बघा. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, वाढलेलं बीपी, गरोदरपण यात ते चालत नाही. घशासाठी किंवा छातीसाठी डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, आणि त्याच वेळी तुम्ही ही गोळी घेतली, तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. डॉक्टरांना बिचाऱ्यांना माहीतच नसतं, कारण डोक्याची गोळी ‘औषध’ म्हणून कुणी सांगतच नाही. ट्रॅमाडॉल लिहिलेलं असेल तर ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं औषध आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणी दिलं असेल तर चुकीचं दिलं, आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका.

सुट्या गोळ्यांबद्दल एक विनंती. दहातल्या दोन कापून दिल्या की बऱ्याचदा नाव एका तुकड्यावर जातं आणि एक्स्पायरीची तारीख दुसऱ्यावर. घरी गेल्यावर ती नुसती ‘पांढरी गोळी’ उरते. माझ्या दुकानात मी कापलेली गोळी कागदी पुडीत घालून वर औषधाचं नाव, मुदत आणि किती घ्यायची ते लिहून देतो. तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे, दुकानदाराला वाईट वाटायचं कारण नाही.

आता किडनी. तुम्ही विचारलंय म्हणून सरळ सांगतो, रोज घ्यायला पूर्ण बिनधोक अशी वेदनाशामक गोळी माझ्या कपाटात नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, असेक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी एका घरातली. किडनीला रक्त पोचवणारी वाट मोकळी ठेवणारे जे घटक शरीर तयार करतं, ते ही औषधं कमी करतात. तरुण, पाणी पिणाऱ्या, निरोगी माणसाला दोन-चार दिवसांनी सहसा काही होत नाही. पण वय जास्त, मधुमेह, बीपीच्या ठरावीक गोळ्या, लघवीची गोळी, किंवा नुसतं शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल, तरी धोका वाढतो. एप्रिलमध्ये तासगावच्या द्राक्षबागेत खरड छाटणीला दिवसभर उन्हात राबणारा मजूर पाणी नीट पीत नाही, संध्याकाळी डोकं आणि पाठ दुखते म्हणून डायक्लोफिनॅक घेतो, पुन्हा सकाळी घेतो. किडनीच्या डॉक्टरांना असे पेशंट नवे नाहीत. तुम्ही पंख्याखाली बसता, तुमचा धोका त्याच्यापेक्षा कमी. तरी वर्षभर रोज म्हटल्यावर एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन अशासाठी, की या गोळ्या जठराला अल्सर करतात आणि त्यातून रक्त थेंबथेंब जात राहतं. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर थांबू नका. पित्ताची गोळी सोबत घेतली की सगळं सुरक्षित, हा समज मात्र सोडा. ती पोटाला थोडं वाचवते, किडनीला नाही.

पॅरासिटामॉल किडनीला आणि पोटाला त्यामानानं सौम्य. पण रोज घेतलं तर डोक्याचं ते चक्र तेही चालू ठेवतं, म्हणून ‘मग पॅरासिटामॉलच रोज घेते’ हा मार्ग तुम्हाला नाही.

मग काय करायचं? पहिलं, चांगल्या फिजिशियनकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. महिनाभराच्या फुल्या मारलेलं कॅलेंडर आणि सगळ्या स्ट्रिप न्या. त्यांनी गोळीच्या अतिवापराचंच निदान केलं, तर उपचार ऐकायला साधा आहे, गोळी थांबवायची. साध्या वेदनाशामक गोळ्या बहुतेक वेळा एकदम थांबवता येतात. ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या त्यात मिसळलेल्या असतील तर डॉक्टर हळूहळू कमी करतात, ते स्वतःच्या मनानं करायचं नाही. थांबवल्यावर पहिले काही दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, हे आधीच माहीत असायला हवं. मळमळ, चिडचिड, झोप मोडणं, हे सगळं साधारण दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत. ते सांगितलेलं नसलं की माणूस चौथ्या दिवशी हमखास पुन्हा दुकानात येतो. त्या दिवसांसाठी डॉक्टर वेगळं, मोजून ठेवलेलं औषध देतात.

म्हणून दिवस निवडा. पतसंस्थेतल्या माणसाला मी मार्चअखेरीला हे सुरू करू नका असंच सांगेन. दिवाळीची पाहुण्यांची धांदलही नको. चार दिवस सलग सुट्टी, घरात स्वयंपाकाला कुणी मदतीला, आणि घरच्यांना आधी कल्पना दिलेली, असा काळ काढा. दिवाणजींनी गणपती विसर्जनानंतरचा आठवडा धरला होता. पाचवा दिवस त्यांना सगळ्यात जड गेला. सहाव्या दिवशी त्यांच्या सूनबाई दुकानात येऊन सांगून गेल्या, की मामंजींनी आज सकाळी गोळी मागितली नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचं रोजचं दुखणं गेलं, मागं राहिली ती जुनी अर्धशिशी, महिन्यातून तीन-चारदा. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहींना जास्त वेळ लागतो, काही वर्षभरात पुन्हा जुन्या मार्गाला लागतात, आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागते.

याच काळात डॉक्टर बहुधा एक रोजची गोळी देतील, अटॅक येऊच नयेत म्हणून. रोजची म्हटल्यावर घाबरू नका, ही वेदनाशामक नसते. प्रोप्रॅनोलॉल, रात्रीची कमी डोसची अ‍ॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन, टोपिरामेट यातलं काहीतरी. कुठलं, ते तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणून तुमचे आजार डॉक्टरांनी विचारले नाहीत तरी त्यांना सांगा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. फ्लुनारिझीननं वजन वाढू शकतं आणि मन उदास होऊ शकतं. मुतखडा होऊन गेलाय किंवा दिवस राहण्याची शक्यता आहे, तर टोपिरामेटबद्दल आधी बोला. व्हॅल्प्रोएट मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला अर्धशिशीसाठी देऊ नये, इतकं ते गर्भाला घातक. या औषधांचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे मी खूप पाहिले, आणि तो त्यांचा चांगला उपाय वाया गेला याचं मला वाईट वाटतं.

आणि हो, तुमच्या वयाला हे लागू म्हणून लिहितो. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येत असतील आणि पाळी नियमित करायला किंवा संततिनियमनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना त्या रेघांबद्दल आवर्जून सांगा. त्या दोन्हींच्या जोडीनं पक्षाघाताचा धोका वाढतो.

चक्रातून बाहेर पडल्यावर खऱ्या अर्धशिशीला गोळी घ्यायची तर आहेच. मग ती नीट घ्या. आपल्याकडे सवय अशी, की आधी सहन करायचं, मग बाम, मग चहा, मग अर्धी गोळी, आणि डोकं फुटायला आलं की राहिलेली अर्धी. तोवर पोट मंदावलेलं असतं, गोळी पुढं सरकत नाही. अटॅक ओळखता येतो त्यांनी तो हलका असतानाच, डॉक्टरांनी ठरवून दिलेला पूर्ण डोस घ्यावा, दोन घास पोटात घालून. मळमळ जास्त असेल तर उलटीची गोळी सोबत लिहून मागा, तिच्यामुळं पोट हलतं आणि मूळ गोळी रक्तात पोचते. साध्या गोळीनं भागत नसेल तर सुमाट्रिप्टानसारखं खास अर्धशिशीचं औषध असतं. हृदयविकार झालेल्यांना ते चालत नाही. आणि काहीही घेतलं तरी आठवड्यातून दोन दिवसांपलीकडे नाही. तिसऱ्या दिवशी गोळी लागली, तर ते डॉक्टरांना फोन करायचं कारण समजा.

चहाचं विसरत होतो. ऑफिसात दिवसाला सहा-सात कप आणि रविवारी घरी दोनच, मग रविवारी दुपारी डोकं दुखतं, असं होत असेल तर ते कॅफिन कमी पडल्याचं दुखणं आहे. चहा हळूहळू कमी करा, दर आठवड्याला रोजच्यातला एकेक कप कमी, आणि सातही दिवस सारखाच ठेवा.

घरात शेती असेल तर आणखी एक. औषध फवारून आल्यावर डोकं दुखतंय आणि सोबत घाम, तोंडाला पाणी सुटणं, धूसर दिसणं, उलट्या असतील, तर गोळी न देता अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंघोळ घाला आणि थेट दवाखाना गाठा, फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावणाऱ्यांनी त्या दिवसांत दारूला हात लावायचा नाही. त्या दोन्हींच्या जोडीनं चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं. पावसाळ्यात, विशेषतः पुराचं पाणी उतरल्यावर, तापाबरोबर डोकं दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. आणि १२ वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या उरलेल्या बाटलीतून ते अजून दिलं जातं.

काही वेळा मात्र गोळी मागायलाच येऊ नये. पाच-सहा वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करताना एक चाळिशीतला माणूस आला. पायऱ्यांवर बसला, म्हणाला, एका क्षणात कुणीतरी डोक्यात दगड घातल्यासारखं झालं, आयुष्यात असं दुखलं नाही, एक कडक गोळी द्या. मी गोळी दिली नाही. त्याच्या भावाला फोन लावला आणि दोघांना रिक्षात घालून मिरजेला पाठवलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन झालं, आज तो चालतो-बोलतो. मी गोळी देऊन घरी पाठवला असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही. असं क्षणात शिखरावर गेलेलं दुखणं. तापाबरोबर मान आखडणं. हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, फिट येणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. पडल्यानंतर, अगदी दोन-तीन आठवड्यांनीही वाढत जाणारी, विशेषतः म्हाताऱ्या माणसाची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरची जोरात डोकेदुखी. रोज पहाटे दुखण्यानं जाग येणं आणि खोकलं की कळ जाणं. यातलं काहीही असलं तर आधी दवाखाना. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही आणि स्कॅनही नॉर्मल आहे, त्यामुळं तुम्हाला तपासणीला जायला चार-आठ दिवस लागले तरी चालेल.

तोवर आजपासून कॅलेंडरवर फुली सुरू करा, गोळी घेतली तर गोल. भावानं आणलेल्या गोळीच्या मागचं औषधाचं नाव वाचा. अर्गोटामाइन असेल तर ती बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे लवकर जा. ट्रॅमाडॉल असेल तर एकदम बंद करू नका, वाढवूही नका, आणि उद्याच डॉक्टरांना फोन करा. गेल्या महिनाभरात एकूण किती दिवस गोळी घेतली, तो आकडा आणि ते नाव इथंच लिहून कळवा. तुम्हाला बीपी, शुगर, दमा, अल्सर यातलं काही आहे का, आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, तेही लिहा. डॉक्टरांकडे कोणते प्रश्न न्यायचे, याची चिठ्ठी मी तुम्हाला करून देतो.